ऐकलं तसं लिहिलं

४ मार्च

आज बारक्याला दवाखान्यातून घरी आणलं. आमचा जिना अरुंद, वळणावर स्ट्रेचर वळेना, शेवटी दोघांनी त्याला चादरीत घालून गाठोड्यासारखा वर आणला. उजवा हात गेलाय, उजवा पाय गेलाय आणि बोलणं गेलंय. डॉक्टर म्हणतात, कळतं त्याला सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. चव्वेचाळीस वर्षांचा माझा धाकटा भाऊ. लहानपणी इतका बडबडायचा की आई कानात कापसाचे बोळे घालून स्वयंपाक करायची.

ही वही त्यानेच दिलेली, मी निवृत्त झाले त्या दिवशी. म्हणाला, एकतीस वर्षं साहेब लोकांचं लिहिलंस, आता स्वतःचं लिही. मी लघुलेखिका. साहेब बोलणार, मी उतरवून घेणार, मग वाचून दाखवणार, साहेब 'बरोबर' म्हणणार आणि मग मी टंकायला बसणार. एकतीस वर्षांत ऐकण्यात एक चूक नाही. स्वतःचं काय लिहायचं असतं ते मात्र कळेना, म्हणून वही कोरीच राहिली. आज घरात बोलायला कोणी नाही म्हणून काढली.

बारक्याची कॉट आतल्या खोलीत, मी बाहेरच्या खोलीत. दिवसा एक मावशी येणार आहेत त्याचं करायला.

६ मार्च

मास्तर आले होते. बारक्याच्या जुन्या ऑफिसातले. कुठलीही गोष्ट तीनदा समजावून सांगतात म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. आज मात्र माझ्यासाठी पाचदा सांगावी लागली.

झालंय असं. दीड वर्षापूर्वी यांचं ऑफिस बंद पडलं, तेव्हा सात जणांनी मिळून बाहेरच्या एका कंपनीचं काम धरलं. ती कंपनी पैसे बँकेतून देत नाही, टोकनमध्ये देते. टोकन म्हणजे कॉम्प्युटरमधला पैसा, हात लावून बघता येत नाही. तो एका वॉलेटमध्ये जमा होतो आणि ते सांभाळायचं काम सर्वांनी बारक्याला दिलेलं. दर सहा महिन्यांनी वाटप. या वेळचं वाटप फेब्रुवारीअखेर व्हायचं होतं आणि एकोणीस तारखेला हा पडला.

मी म्हटलं, असेल ना मग लॅपटॉपमध्ये, घ्या काढून. तर म्हणे लॅपटॉपमधलं वॉलेट त्याच्या पासवर्डने बंद आहे आणि तो पासवर्ड त्याच्या डोक्यात. शिवाय आणखी एक गोष्ट आहे, म्हणाले. आजारी पडायच्या नऊ दिवस आधी बारक्याने सगळीच्या सगळी टोकन जुन्या वॉलेटमधून उचलून एका नव्या पत्त्यावर ठेवली. कुणाला न विचारता, कुणाला न सांगता. पत्ता सगळ्यांना दिसतो, तिथे किती पडलंय तेही दिसतं. हलवता मात्र येत नाही. त्याला बारा शब्द लागतात, ते ज्याच्याकडे त्याचं वॉलेट. बाकीचे पाच जण काय काय बोलताहेत ते मास्तरांनी सांगितलं नाही, पण त्यांच्या मान खाली घालण्यावरून कळलं.

मी उठले, कपाटातून माझी जुनी श्रुतलेखनाची वही काढली आणि त्यांच्यापुढे टाकली. दहा फेब्रुवारीला बारक्याने मला फोन करून बारा शब्द सांगितले होते. म्हणाला होता, ताई, कागदावर लिही, फोनमध्ये नको, आणि माझं काही बरंवाईट झालं तर हे मास्तरांना दे. मी उतरवून घेतले, वाचून दाखवले, तो म्हणाला बरोबर, तुझ्यासारखी तूच. मी त्याला बरंवाईट म्हटल्याबद्दल झापला आणि विसरून गेले.

टायगर, टेस्ट, विंडो, सेल, लेमन, अंब्रेला, वेट, गार्डन, टेल, ऑरेंज, पेअर, रिव्हर.

मास्तरांच्या चेहऱ्यावर रंग आला. मराठीत का लिहिलेत, म्हणाले. म्हटलं, एकतीस वर्षं असंच लिहिलं. साहेबांच्या तोंडी अर्धं इंग्रजी असायचं, त्याचं स्पेलिंग करत बसले असते तर पुढची तीन वाक्यं निसटली असती. ऐकलं तसं लिहायचं, हाच आमचा धंदा. उद्या येतो म्हणाले.

७ मार्च

सगळं नीट उतरवून ठेवते.

मास्तर आले, बारक्याच्या कॉटजवळच टेबल ओढून त्याचा लॅपटॉप त्यावर मांडला, म्हणजे त्यालाही दिसेल. मला वाटलं होतं काही चित्रं असतील, दाबायची बटणं असतील. नुसता काळा पडदा. त्यावर आपण आज्ञा टंकायची, तो उत्तर देणार. आमच्या एका साहेबांची आठवण झाली.

मास्तरांनी शब्दांवरून वॉलेट उघडायची आज्ञा दिली, मग शब्द विचारत गेले आणि मी वाचत गेले. 'वेट'शी अडले. वजनाचं का, म्हणाले. तसं टाकलं तर पडद्याने सांगितलं असा शब्दच त्याच्या यादीत नाही. मग थांबायचं ते वेट टाकलं. बारा झाले. पडदा म्हणाला, शब्द एकमेकांशी जुळत नाहीत. मास्तरांनी घाम पुसला. पेअर म्हणजे जोडी की फळ, असं मला विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत, मी पेअर ऐकलं. त्यांनी जोडीच्या जागी फळ टाकलं.

आणि उघडलं. मी बारक्याकडे बघून हसलेसुद्धा.

मग मास्तरांनी शिल्लक विचारली. शून्य. व्यवहारांची यादी मागवली. रिकामी. आत कधी काही आलं नाही, कधी काही गेलं नाही. पत्ता बघितला, तो सगळ्यांना माहीत असलेला पत्ता नव्हताच. मी म्हटलं, शब्द चुकले असतील. ते म्हणाले, चुकीचे असते तर उघडलंच नसतं, ते स्वतःच स्वतःला तपासतं, मघाशी नाही का नाकारलं.

जिन्यात त्यांनी मला बाहेर नेऊन हळू आवाजात सांगितलं. "ताई, त्याने तुम्हाला दुसऱ्याच कुलपाची चावी दिली. आम्हाला दाखवायला."

पाठीमागे आतून बारक्या ओरडत होता, नुसता आवाज, शब्द नाही. मी दार ओढून घेतलं, शेजारी ऐकतील म्हणून.

८ मार्च

माझ्याशी खोटं बोलला. बाकी कुणाशी बोलला असता तर मी त्याची बाजू घेऊन भांडले असते.

९ मार्च

आजारपणानंतरचा पहिला शब्द. दुपारी मी त्याला सूप भरवत होते, त्याने डावा हात वर करून चमचा अडवला आणि म्हणाला, "चव."

दुसरा कुठला दिवस असता तर आनंदाने रडले असते. आज अंगाचा तिळपापड झाला. सहा घरं डोळे लावून बसलीत आणि याला चवीचं पडलंय. मीठ आणून घातलं. पुन्हा चव, चव. मिरपूड घातली. वाटी ढकलून दिली त्याने. मी पण तशीच उठले.

१२ मार्च

वाचाउपचाराच्या बाई आल्या. मी त्यांना मनातल्या मनात वाचाबाई नाव ठेवलंय. तरुण आहेत, घाई करत नाहीत. बारक्यासमोर चित्रं धरली, कप, कुलूप, कुत्रा. याने नुसता घसा खरवडला. त्या म्हणाल्या, तो जे जे बोलेल ते तारीख-वेळ घालून लिहून ठेवा, पुढे एका रकान्यात काय म्हणायचं असावं तेही लिहा. असं काम मला सांगायला नको. रकाने आखून घेतले.

१३ मार्च ते १७ मार्च

वेगळं लिहायला वेळ नाही. यादीतलंच उतरवते.

चव. सकाळी आठ. काय म्हणायचं असावं: चहा अळणी. (चहा अळणी कसा असेल?)

ओलं. सकाळी नऊ, दहा, साडेदहा. चादर बदलली. तिन्ही वेळा कोरडी होती. मावशी म्हणाल्या, ताई, चौथ्यांदा मी बदलणार नाही.

शेपूट. काही संबंध लागत नाही. मावशींना म्हणाला. त्यांनी वेणी पुढे घेतली आणि हसल्या.

जोडी. चपलांची आणून दाखवली. मान हलवली, नाही.

चीड. हा मात्र स्पष्ट. माझ्याकडे बघून म्हणाला, दोनदा. चीड येते म्हणे. मी त्याला म्हटलं, चीड मला यायला हवी.

१८ मार्च

मास्तरांचा फोन. सहा जणांनी ठरवलंय, महिनाअखेरपर्यंत टोकन आली नाहीत तर पोलिसांत तक्रार. एकाच्या मुलीची फी आहे, एकाचं घरभाडं तीन महिने थकलंय, मास्तर सगळं तीनदा सांगत होते. मी म्हटलं, तो कॉटवर पडलाय, पोलीस काय त्याला उचलून नेणार? ते म्हणाले, नेणार नाहीत, पण नाव जाईल. या धंद्यात पुन्हा कुणी उभं करणार नाही.

मग एक उपाय सांगितला. बारक्याने लेखी दिलं की सामायिक टोकन मी कुणाला न विचारता हलवली, बहिणीला खोटे शब्द दिल्याचं मान्य आहे, तर ते तक्रार करणार नाहीत. कागद त्यांच्यातच राहील.

मी विचार करते म्हटलं. काय विचार करणार, कपाळ.

१९ मार्च

दिवसभर त्याच्याकडे बघत बसले. पाच वर्षांचा होता तेव्हा त्याने शाळेतून खडू चोरले होते, ते मीच परत नेऊन दिले आणि आईला सांगितलं नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं का? असले विचार येतात. त्याचं लग्न मोडलं तेव्हा तो माझ्याकडे सहा महिने राहिला, दर महिन्याला घरखर्चाचं पाकीट न चुकता उशीखाली. चोर असा वागतो का? पण शून्य मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

त्याला विचारलं, तू घेतलेस का? हो असेल तर हात उचल. तो रडायला लागला. हात उचलला नाही. मग म्हटलं, नाही असेल तर उचल. उचलला. पण त्याच्या हो आणि नाहीची अदलाबदल होते असं वाचाबाई म्हणाल्या होत्या. म्हणजे विचारून उपयोग काय?

२० मार्च

कागद झाला.

मास्तरांनी मजकूर सांगितला, मी उतरवून घेतला. वाचून दाखवला. मास्तर म्हणाले बरोबर. स्वच्छ टंकला, समास सोडून, खाली सहीची जागा. माझं अक्षर न अक्षर बिनचूक.

बारक्यासमोर धरून मी मजकूर वाचला. 'सामायिक ठेव', 'विश्वासघात', 'खोटे शब्द'. तो घामाने निथळत होता. डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बोलायला लागला, सगळे शब्द एकापाठोपाठ, प्रत्येकाला गळ्याच्या शिरा ताणून: "चव. चीड. ओलं. शेपूट. जोडी." मग परत पहिल्यापासून. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

"पुरे," मी म्हटलं. "चोरी केलीस ती केलीस, आता वेडाचं सोंग नको."

मी असं म्हणाले. इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे म्हटलं नाही असं वाटायला नको.

डावा अंगठा देईना, मूठ घट्ट मिटून छातीशी धरली. म्हणून उजव्याचा घेतला. उजवा हात नेऊ तिकडे जातो. शाई लावली, टेकवला, ठसा छान उमटला. मावशी स्वयंपाकघरातून बघत होत्या, त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

२२ मार्च

त्या कागदाचा फोटो त्यांच्या ग्रुपवर गेला आणि तिथून कुणीतरी बाहेरच्या कंपनीला पाठवला. त्यांच्यातच राहणार होता. कंपनीने कळवलं, या माणसाचं नाव यापुढे कामात नको. मास्तर म्हणाले, मी नाही पाठवला. मी म्हटलं, टंकला तर मीच.

बारक्याला यातलं काही सांगितलं नाही. त्याने बोलणं बंद केलंय. आता यादी कोरी.

२४ मार्च

कोरी.

२६ मार्च

वाचाबाई उद्या येणार. त्यांना काय दाखवू?

मावशी आज बोलल्या एकदाच्या. म्हणाल्या, तुम्ही खोलीत नसलात की तो एकटाच पुटपुटतो, सकाळी आले की मला ओठ हलताना दिसतात. म्हटलं, काय पुटपुटतो? तेच, म्हणाल्या, चव नि काय काय, माळ ओढल्यासारखं. मी विचारलं तर गप्प होतो.

२७ मार्च

आधी हे लिहिते, मग काय करायचं ते करते.

वाचाबाईंनी माझी यादी वाचली. बराच वेळ वाचली. म्हणाल्या, अशा रुग्णांची बडबड रोज वेगळी असते, याचे शब्द पाचच आहेत आणि वीस तारखेच्या नोंदीत सलग म्हटलेत तेव्हा प्रत्येक फेरीत क्रम तोच. हा काही मागत नाहीये, हा काहीतरी पोचवतोय. मग म्हणाल्या, याला दोन भाषा येतात, कधी कधी एका भाषेतला शब्द अडला की त्याच अर्थाचा दुसऱ्या भाषेतला बाहेर पडतो.

मी म्हटलं, क्रम तोच म्हणजे? त्यांनी वाचून दाखवला. दुसऱ्याच्या तोंडून, सावकाश, मजकूर वाचून दाखवावा तसा. चव. चीड. ओलं. शेपूट. जोडी.

मी श्रुतलेखनाची वही काढली. टेस्ट, सेल, वेट, टेल, पेअर. टेस्ट म्हणजे परीक्षा, आणि टेस्ट म्हणजे चवसुद्धा. वेट म्हणजे ओलंसुद्धा. टेल म्हणजे सांग आणि टेल म्हणजे शेपूट. इंग्रजीत स्पेलिंग निराळी, माझ्या वहीत एकच. बारापैकी पाच शब्द दोन-दोन अर्थांचे, आणि बरोबर तेच पाच हा माझ्यापुढे नऊ तारखेपासून वाचून दाखवतोय. आणि मी मीठ घालतेय.

सेल राहिला. चीड कशी बसणार? वाचाबाईंनी विचारलं, तुम्ही नक्की चीड ऐकलंत? मी म्हणणार होते की एकतीस वर्षांत. नाही म्हटलं. आत गेले, त्याच्या कॉटशी गुडघ्यावर बसले आणि म्हटलं, बारक्या, दुसरा शब्द परत सांग, हात जोडते. त्याने भिंतीकडे तोंड केलं होतं. मी तशीच बसून राहिले. मग भिंतीलाच म्हणाला.

"शीड."

होडीचं शीड, म्हणजे सेल. ओठ एका बाजूने लोंबतात, श चा च होतो. मला चीड ऐकू आली कारण मला तीच ऐकायची होती.

२८ मार्च

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी शब्दकोश घेऊन पाचही शब्दांची स्पेलिंग काढली आणि मास्तरांना न बोलावता एकटीच बसले. आज्ञा मला माहीत आहेत, सात तारखेला मास्तर काय काय टंकत होते ते मी सवयीने उतरवून ठेवलं होतं.

टायगर. चवीचं टेस्ट. विंडो. शिडाचं सेल. एकेक शब्द टाकताना मी मोठ्याने म्हणत होते. पाठीमागून काही आवाज नव्हता. बारावा शब्द टाकला, कळ दाबली. उघडलं. उघडण्यावर आता माझा विश्वास नाही, म्हणून आधी पत्ता मागवला आणि मास्तरांनी लिहून दिलेल्याशी एकेक अक्षर बोट ठेवून जुळवला. चौतीस अक्षरं. सगळी जुळली. मग शिल्लक विचारली.

सगळं जिथल्या तिथे. दहा फेब्रुवारीला ठेवलं तसं, त्यातलं एकही हललेलं नाही.

मी वळून म्हटलं, बारक्या, उघडलं रे. मला वाटलं तो हसेल. त्याने डोळे मिटले आणि कानशिलावरून पाणी उशीत गेलं. मी पुसायला गेले तर मान फिरवली. मावशींनी पुसलं.

मास्तर वीस मिनिटांत आले. पडदा बघून खुर्चीत बसले ते बसलेच. म्हणाले, सोळांत एखादी वेळ चुकीचे शब्दही जुळतात आणि भलतंच रिकामं वॉलेट उघडतं, तेच झालं होतं. पण मग हलवलं का याने, न सांगता? मग स्वतःचा फोन काढून मागचे मेसेज चाळत बसले आणि तोंडावर हात ठेवला. आठ फेब्रुवारीला त्यांनीच ग्रुपवर एक फोटो टाकला होता, टेबलाचा, त्यात कोपऱ्यात, त्यांच्याकडे जपायला दिलेला, जुन्या वॉलेटच्या शब्दांचा कागद दिसत होता. तासाभरात फोटो काढून टाकलेला, त्यांना वाटलं कुणी बघितला नसेल. बारक्याने बघितला, दोन दिवसांत सगळं सुरक्षित ठिकाणी हलवलं आणि मास्तरांची मान खाली जाऊ नये म्हणून कुणाला चकार शब्द सांगितला नाही. हे मला मास्तरांनी फक्त एकदाच सांगितलं.

२९ मार्च

वाटप केलं. मास्तर म्हणाले, ताई, तुम्हीच पाठवा, माझा हात उठत नाही.

एकदा पाठवलं की परत घ्यायची सोय नाही, म्हणून बारक्याची पद्धत अशी की आधी चिमूटभर पाठवायचं, समोरच्याने मिळालं म्हणून कळवलं की मग बाकीचं. तशीच धरली. सहा पत्ते, प्रत्येकाला दोनदा. मी प्रत्येक पत्ता मोठ्याने वाचत होते, पहिली चार अक्षरं आणि शेवटची चार, आणि दर वेळी कॉटकडे बघत होते. तो छताकडे बघत होता.

सगळ्यांचे निरोप आले. मिळालं, मिळालं. एकाने हसरे चेहरे पाठवले. सातवा वाटा त्याचा त्याच्या पत्त्यावर ठेवला.

मग दार लावून त्याच्यापाशी गेले आणि म्हटलं, मी चुकले. तुला चोर म्हटलं, तुझा निर्जीव हात धरून अंगठा उमटवला. तू ओरडून ओरडून सांगत होतास आणि मी लिहूनसुद्धा घेत होते. मला माफ कर. तो छताकडेच बघत होता.

२ एप्रिल

कागद परत आला, मास्तरांनी माझ्यासमोर फाडला. कंपनीला मी स्वतः पत्र लिहिलं, मजकूर सांगणारं कोणी नव्हतं तर चार ओळींना दोन दिवस लागले. उत्तर आलं, पत्राबद्दल आभारी आहोत, मात्र निर्णय बदलता येणार नाही.

७ एप्रिल

बोलणं भराभर सुधारतंय. वाचाबाईंना आश्चर्य वाटतं. दोन-दोन, तीन-तीन शब्द जोडतो. मावशींना सकाळी म्हणाला, तू उशिरा आलीस. त्या इतक्या खूश की दिवसभर सगळ्यांना सांगत होत्या. दुपारी सहाही जण आले, खोलीत मावेनात. मास्तर त्याचा हात धरून रडले. बारक्या अर्ध्या तोंडाने हसला, म्हणाला, "तू चहा घे." मग नेहमीसारखी त्यांची टिंगल, कामाच्या गोष्टी, याला निम्म्या कळत असतील, पण चेहरा कसा उजळला होता. मी सगळ्यांना चहा केला.

ते गेल्यावर मी त्याच्या पायाशी बसले. दिवसभर उभी होते, पाय सुजले होते. काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, आज बरं वाटलं ना रे? त्याने माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी सरळ बघितलं. न अडखळता, अगदी स्वच्छ म्हणाला:

"तुम्ही जा आता. दमलात."

मी उठून बाहेर आले. जन्मात त्याने मला तुम्ही म्हटलेलं नाही. आई असताना नाही, त्याच्या लग्नात चारचौघांत नाही, भांडलो तेव्हा तर नाहीच.

वाचाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सर्वनामांची अदलाबदल होते, तू-तुम्ही, तो-ती, काळजी करू नका, यादीत लिहून ठेवा. मी विचारलं, एकाच माणसाच्या बाबतीत होते का? त्या म्हणाल्या, तसं सांगता येणार नाही.

यादी काढली. तारीख घातली, वेळ सहा वाजून दहा. शब्द: तुम्ही. या वेळी ऐकण्यात चूक नाही. पुढच्या रकान्यात, काय म्हणायचं असावं, तिथे 'तू' असं लिहिलं.